माळवदावरची छत्री

सांगलीत आम्ही राहतो त्या इमारतीच्या गच्चीवर आता टीव्हीची एकच छत्री उरली आहे आणि ती माझी आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना ती बघवत नाही. इमारतीची शोभा जाते असं त्यांचं म्हणणं. शोभा म्हणजे काय, तर चार काळ्या टाक्या, दोन मोडक्या खुर्च्या आणि कुणाचं तरी वाळत घातलेलं पायपुसणं. मी त्यांना सांगितलं, छत्री माझी, खिळे माझे आणि वरून येतं ते सरकारचं. काढायची असेल तर तसं लेखी द्या. ते लेखी देत नाहीत, मी छत्री काढत नाही, असं आमचं बरं चाललंय. माझी मुलगी मात्र लाजते. "आई, आता सगळं फोनवर दिसतं गं," म्हणते. दिसतं ना, मी कुठं नाही म्हणते? पण क्रिकेटची मॅच असली की विकेट आमच्या घरात आधी पडते आणि खालच्या मजल्यावरच्या फोनवाल्यांकडे जरा वेळाने. मी मुद्दाम शिवणमशीन थांबवून खिडकीत जाते आणि ओरडते. खालचा पोरगा चिडून म्हणतो, "काकू, सांगू नका ना!" मला त्यात फार आनंद होतो, खोटं कशाला बोलू.

ही खोड माझ्या आईची. एखादी गोष्ट घडत असताना बघणं आणि घडून गेल्यावर बघणं यात फरक आहे, हे तिच्याइतकं कुणी मला पटवून दिलं नाही. शाळा तिने बघितली ती बाहेरून, मेंढरं हाकताना. पण त्या एका गोष्टीसाठी ती गावाशी भांडली, केबलवाल्याशी भांडली, पोलिसचौकीची पायरी चढली. मी तेव्हा बारावी नापास होऊन घरी बसलेली आणि आबांच्या डोळ्यांत खुपणारी पोरगी होते. त्या भांडणात मी तिच्या बाजूने होते, म्हणजे शब्दशः वरच्या बाजूने. ती खाली दारात आणि मी माळवदावर.

आमची वस्ती जत तालुक्यात, गावापासून ओढ्याच्या पलीकडे. ओढा म्हणायचा एवढंच, त्यात पाणी मी क्वचितच बघितलं. मेंढरांचा वास अंगाला इतका बसलेला असायचा की शाळेत कुणी नाक मुरडल्याशिवाय तो आम्हाला कळायचाच नाही. घर मातीचं, वर सपाट माळवद, चढायला बाभळीची शिडी. सकाळी आई हुलग्याचं माडगं घाटायची, त्यात तिखट सणसणीत आणि लसूण ठेचून. थंडीच्या दिवसांत चुलीपुढे बसून वाटीभर माडगं प्यायलं की कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. मी सांगलीत किती वेळा करून बघितलं, पण माझ्या गॅसवर ते पिठल्याच्या नात्यातलंच काहीतरी होतं. बाहेर मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा, कोकरांची बेंबें आणि आबांचं खाकरणं, एवढा आवाज झाला म्हणजे दिवस उजाडला.

आबा म्हणजे माझे वडील. खांद्यावर काळं घोंगडं नाही असे आबा मी कधी बघितले नाहीत. ऊन असो, पाऊस असो, ते घोंगडं हवंच. जन्मलेलं कोकरू त्यात, बाजारातून आणलेला गूळ त्यात, लहानपणी ताप आला तेव्हा मीसुद्धा त्यातच. बोलायचे कमी आणि एकदा बोलले की दगडावरची रेघ. माझा दादा, बिरू, सैन्यात भरती व्हायला निघाला तेव्हा आबा म्हणाले, "माज्यामागं मेंढरं कोन बघनार? जायाचं तर जा. मग माज्याशी बोलायचं न्हाई." दादा गेला. आणि आबांनी खरोखरच बोलणं सोडलं. दादा सुट्टीवर आला की दोघं समोरासमोर भाकरी खायला बसायचे आणि मधे मी. आबा मला म्हणायचे, "त्याला इच्चार, अजून कालवण पायजे का." दादा मला म्हणायचा, "त्यास्नी सांग, नगं." कालवणाचं पातेलं दोघांच्या हाताला लागेल इतक्या अंतरावर असायचं. आई कपाळावर हात मारून घ्यायची. मला हसू यायचं, पण हसायची सोय नव्हती.

एका सुट्टीला दादाने मिल्ट्रीच्या कॅन्टीनमधून टीव्ही आणला. रंगीत, छोटा, गाडीच्या टपावर बांधून आणलेला. सगळी वस्ती बघायला आली. आबा लांबून म्हणाले, "मंगे, ह्याला चारा किती लागतोय ते इच्चार." चारा म्हणजे केबल, आणि केबल ओढ्यापर्यंत येऊन थांबली होती. गावातल्या बाजीतात्याचा केबलचा धंदा होता. वस्तीपर्यंत वायर ओढायला त्याला परवडत नव्हतं. दादाने बांबूला अॅन्टेना बांधून दिला, त्यावर सरकारी चॅनेलचा आवाज तेवढा स्वच्छ यायचा आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. दादा गेल्यावर आईने टीव्हीवर भरतकामाचा रुमाल घातला आणि तो घरात पाहुण्यासारखा बसून राहिला.

मग एका थंडीत दादाचा फोन आला, शेवंताकाकूंच्या घरी. वस्तीवर फोन त्यांच्याकडेच होता. दादाची निवड दिल्लीच्या सव्वीस जानेवारीच्या परेडला झाली होती. आई काकूंच्या दारातच खाली बसली. त्या सव्वीस जानेवारीला आम्ही दोघी धुवट लुगडी नेसून, म्हणजे आई लुगडं आणि मी पंजाबी ड्रेस, ओढा ओलांडून बाजीतात्याच्या घरी गेलो. त्याने आम्हाला उंबऱ्याच्या आत घेतलं, पण सतरंजीच्या अलीकडे. आम्ही फरशीवर बसलो. रणगाडे गेले, घोडे गेले, एकेक पलटण येऊ लागली. दादाच्या पलटणीचं नाव घेतलं गेलं आणि तेवढ्यात बाजीतात्याने रिमोट दाबला. पडद्यावर कुणीतरी कुणालातरी बुकलत होतं.

आई म्हणाली, "तात्या, जरा ठेवा की. माजं पोरगं येतंय आता."

"परेड काय बघायची? दरसाल तीच असती," तात्या म्हणाला. "उद्या बातम्यांत दाखवत्यात की. उद्या या."

आई उठली. तिने पदर सारखा केला, हात जोडले आणि बाहेर आली. ओढ्यात उतरल्यावर ती थांबली आणि जे बोलली ते मी जन्मात विसरणार नाही. "बिरू रांगायला लागला तवा मी रानात हुते. पयलं पाऊल टाकलं तवाबी रानातच. संध्याकाळी आल्यावर लोकांनी सांगितलं मला, तुजं पोरगं आज चाललं. लोकांनी बघितलं, म्या ऐकलं. आता तो दिल्लीत चालतोय. ह्या बारीला मला कुनी सांगायचं न्हाई, मंगे. तो चालंल तवा मी बघनार. उद्या न्हाई, तवाच." मी म्हटलं, बातम्यांत तरी बघू. ती म्हणाली, "शिळं कालवण मी खाते की रोज. पोरगं शिळं बघायचं न्हाई मला."

दादाला पुढच्या वर्षीही परेडला घेणार, अशी चिन्हं दिवाळीच्या आसपास दिसू लागली आणि आई कामाला लागली. जतच्या बाजारात एका दुकानात तिने छत्री हेरली. दुकानदार म्हणाला, "मावशी, एकदा छत्री आन पेटी घ्यायची, मग म्हैन्याचं काय न्हाई. सरकारी हाय. सगळं फुकट, जलमभर." आईला जन्मभर हा शब्द आवडला. तिच्या वाटणीचा एक बोकड होता, तो गेला आणि छत्री आली. दुकानदाराने बजावलं, "वायरच्या जोडाला पानी लागू दिऊ नगा, न्हाईतर चित्र जाईल." घरी येऊन आईने हे वाक्य सगळ्यांना दोन-दोनदा सांगितलं. आबा दारात बसून लोकर निवडत होते, त्यांनी मान वर केली नाही.

त्या वर्षी आबा कळपाबरोबर पश्चिमेला गेले नव्हते. दरवर्षी थंडीत मेंढरं इस्लामपूरकडे उसाच्या रानांत बसायला जायची आणि आबा त्यांच्यासंगं. त्या वर्षी गुडघा दुखतो म्हणून त्यांनी चुलत्यांना पाठवलं आणि गाभण मेंढ्या घेऊन घरी राहिले. दुखऱ्या गुडघ्याने ते रोज कोसभर चालत होते, पण बोलायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

छत्री बसवायला दुकानाचा माणूस येणार होता, तो आला नाही. बाजीतात्याने त्याला वाटेतच काहीतरी सांगितलं, असं कानावर आलं. आई म्हणाली, "मेंढरू आपलं, वळवायचं बी आपनच." मी छत्री घेऊन माळवदावर चढले. आई खाली टीव्हीपुढे. दुकानदाराने सांगितलं होतं, तोंड आग्नेयेला, आभाळ मोकळं हवं, आणि पडद्यावरची पट्टी भरेपर्यंत केसाकेसाने फिरवा. आता घरातून माळवदावर बोलणं ऐकू कसं जाणार? तर आईने मेंढरांच्या हाळ्या वापरल्या. डावीकडे वळव म्हणायचं तर "हुर्रऽ हुर्रऽ", उजवीकडे असेल तर जिभेने "च्यॅक च्यॅक", आणि थांब म्हणायचं तर लांबलचक "होऽऽ". मी लहानपणापासून त्या हाळ्यांवर मेंढरं वळवलेली, आता छत्री वळवत होते. आमच्या अंगणातल्या मेंढ्यांना काही कळेना. त्या डावीकडे जायच्या, उजवीकडे जायच्या आणि "होऽऽ" म्हटलं की सगळ्या थांबून माळवदाकडे बघायच्या. दुपार कलली, माझे हात भरून आले आणि मग खालून अशी "होऽऽऽ" आली की शेवंताकाकू त्यांच्या चुलीपासून उठून धावत आल्या. चित्र आलं होतं. मुंगी एक नाही. कुठल्यातरी शेतकऱ्याला कुणीतरी मोसंबीवरची कीड समजावून सांगत होतं आणि आई डोळ्याला पदर लावून बघत होती.

दोन दिवसांत बाजीतात्या वस्तीवर आला. गाडी अंगणात लावली, खाली उतरला नाही. "वैनी, ही चोरी हाय," म्हणाला. "हवेतनं वढायचं आन फुकट बघायचं, ह्याला कायद्यानं बंदी हाय. मी लायसन काढून धंदा करतोय. फौजदार आला तर टीव्ही उचलून न्हील."

आईने हातातली शेणाची पाटी खाली ठेवली. "हवा काय तुमच्या बापाची हाय का, तात्या?"

"मी भल्यासाठी सांगतोय."

"गेल्या साली बी भल्यासाठीच दाबलं व्हतं न्हवं ते बटान?"

तात्या गाडी वळवून गेला. पण वस्तीवर घबराट पसरली. पोलीस येणार, टीव्ही नेणार, दंड होणार. शेवंताकाकूसुद्धा म्हणाल्या, "कशाला वाढवतीस, काढून ठेव." आई बाजारच्या दिवशी मला घेऊन सरळ पोलिसचौकीत गेली. तिथला हवालदार चहात पाव बुडवत होता. आईने पाटी खाली ठेवली आणि विचारलं, "सायेब, सरकारचं च्यानेल सरकारच्या छत्रीवर बघितलं तर गुन्ना हाय का?" त्याला आधी प्रश्नच कळेना. मी नीट सांगितलं तसा तो इतका हसला की पाव चहात पडला. "अवं बाई, त्यात कसला गुन्ना? सरकारनं लोकांसाठीच सोडलंय ते. माज्या घरावर बी हाय की! पैशाची वाहिनी चोरून बघाल तर मी येईन. फुकटची बघा खुशाल." आई परतीच्या वाटेवर गाडीत ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना हे सांगत होती. मुलीसमोर मी आज सेक्रेटरींशी बोलते ना, तो सूर मी त्या गाडीत ऐकलेला आहे.

पंचवीस तारखेला गावातून निरोप आला. बाजीतात्या पारावर म्हणाला होता, "उद्या त्यांची छत्री चालतीया का बघा." कशावरून म्हणाला देव जाणे, नुसती तोंडाची वाफ असेल. पण आईने तेवढं मनात धरलं. तिने सगळ्या वस्तीला आवतण दिलं होतं. ज्वारी हुरड्यात आली होती, म्हणून सकाळी अंगणात आगटी करून हुरडा भाजायचा, शेंगदाण्याची चटणी करायची आणि परेड बघायची असा बेत होता. संध्याकाळी तिने टीव्ही लावून बघितला, चित्र झकास. मग रुमालाने पडदा पुसला आणि निजली.

सव्वीसला उजाडताना हाडं गोठवणारी थंडी होती. शेणीच्या ढिगावर दव पांढरं दिसत होतं. आबा कधीच मेंढ्या घेऊन गेले होते. आई माडगं घाटताना म्हणाली, "आज ह्येंनी घोंगडं न्हेलेलं दिसंना. कुडकुडून मरतील." मी लक्ष दिलं नाही. अंगणात माणसं जमू लागली, आगटी पेटली, कणसं पडली निखाऱ्यात. त्या दिवशी लाईट जात नसे, तेवढी सरकारची मेहेरबानी. आईने देवाला हात जोडले आणि टीव्ही लावला. निळा पडदा. त्यावर एकच ओळ, सिग्नल नाही.

पेटी बंद केली, चालू केली, वायर काढली, घातली. निळा पडदा हलेना. आईच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. रंग उतरला आणि मग दुसराच रंग चढला. तिने दारामागची आबांची काठी काढली. "वायर तोडली असंल त्या मेल्यानं," म्हणाली. "मंगे, तू वर बघ. मी तात्याला बघते." आणि निघाली. मागून शेवंताकाकू, मागून हातात कणसं घेतलेल्या सगळ्या बाया. ओढ्याकडे जाणारी ती रांग मला अजून दिसते. परेडच होती ती, आमच्या वस्तीची.

मी शिडी चढले. वायर शाबूत होती. जोड कोरडा होता. आणि छत्रीवर, अगदी नीट, चारी टोकांना सुतळी बांधून, आबांचं काळं घोंगडं घातलेलं होतं. दवाने भिजून ते लादीसारखं जड झालं होतं. तान्ह्या कोकराला गुंडाळतात तसं त्यांनी त्या पत्र्याच्या छत्रीला गुंडाळलं होतं. मला क्षणभर कळेना हसू की रडू. पाणी लागू देऊ नका, हे वाक्य या माणसाने ऐकलं होतं. मान वर न करता. आणि अंधार पडायच्या वेळी, आई खाली चित्र बघून खूश होऊन रुमालाने पडदा पुसत असताना, हा दुखऱ्या गुडघ्याचा माणूस शिडी चढून वर आला होता.

सुतळीच्या गाठी आबांच्या. त्या सुटायच्या नाहीत, दाताने तोडल्या. घोंगडं ओढून काढलं तशी खालून टीव्हीतून बँड वाजला. मी माळवदाच्या कडेला उभी राहिले आणि संध्याकाळी मेंढरं परतवायला देतात ती हाळी दिली. "हॅऽऽ ओऽऽऽ! हॅऽऽ ओऽऽऽ!" घशातली सगळी ताकद लावून. तोवर आईने पलीकडे पोचून तात्याला त्याच्या दारातच गाठलं होतं. ती हाळी कानावर गेली तशी ती वळली आणि पळाली. काठी टाकून, लुगडं गुडघ्यापर्यंत धरून. सगळ्या बाया तिच्यामागे. आणि त्यांच्यामागे, मी काय केलं नाही, मी काय केलं नाही म्हणत, बाजीतात्या. वस्तीसमोर स्वतःचं नाव साफ करून घ्यायला तो बिचारा अनवाणी पळत होता.

सगळे धापा टाकत अंगणात आले. मी घोंगडं पुढे केलं. "छत्रीवर हे व्हतं."

आईने घोंगडं हातात घेतलं, पिळलं. पाणी गळलं. तात्याला जोर आला. "बघितलंसा? आन मला चोर ठरवत हुता!"

आई त्याच्याकडे वळली. मला वाटलं ती आता माफी मागणार. "ह्या साली तुमी काय केलं न्हाई, तात्या," ती म्हणाली. "गेल्या साली केलंसा. आता आलाय तर बसा. हुरडा खावा, परेड बघा. फुकट हाय."

आणि तात्या बसला. आमच्या घरात, फरशी नव्हतीच, पोत्यावर. माणसाची चाल मोडली की तो किती साधा दिसतो. पुढे वर्षभरात वस्तीवर घरोघर छत्र्या झाल्या आणि त्यातल्या निम्म्या बाजीतात्यानेच विकल्या, पण ते असो.

दादाच्या पलटणीचं नाव घेतलं गेलं तेव्हा आबा दारात उभे होते. मेंढ्या ओढ्यात सोडून आले होते, अंगावर नुसता सदरा, थंडीने ओठ काळे पडलेले. आईने त्यांच्याकडे बघितलं, ओल्या घोंगड्याकडे बघितलं. आबा एवढंच म्हणाले, "दव पडतंय. भिजली असती." आईने आपला पदर काढून त्यांच्या खांद्यावर टाकायचं तेवढं बाकी ठेवलं.

पलटण आली. सगळे सारखे, एका मापाचे, एका पावलाचे. मी दादाला शोधत होते आणि मला एकही चेहरा ओळखू येत नव्हता. आई पडद्याला नाक लावून बसली होती. "कुटला गं? मंगे, कुटला?" पलटण अर्ध्याहून पुढे गेली, आता पडद्याबाहेर जाणार.

"त्यो," आबा दारातून म्हणाले. बोट वर करून. "म्होरल्या वळीत, कडंचा. डावं पाऊल जरा भायेर टाकतोय. लहानपनापासनं तसंच टाकतोय."

आईला दिसला. मला दिसला. शेवंताकाकूंना दिसला, बाजीतात्यालासुद्धा दिसला. "व्हय व्हय, त्योच," तो म्हणाला. दिसला आणि पुढे गेला. आईने पडद्यावर हात ठेवला तेव्हा तिथे कुणाचे तरी उंट आले होते. मग ती रडली, आणि आगटीतली कणसं करपली ती कुणी काढली नाहीत.

होळीच्या सुमारास दादा सुट्टीवर आला. आज तो साताऱ्यात राहतो, निवृत्त झालाय, आमच्या गच्चीवरच्या छत्रीला त्याचाच पाठिंबा असतो. तर तो आला, जेवायला बसला, समोर आबा, मधे मी. आईने भाकरी थापता थापता सगळी हकीकत सांगितली. छत्री, चौकी, घोंगडं, पळापळ, आणि शेवटी म्होरल्या वळीतला कडेचा. दादाचा घास हातात राहिला. तो सरळ माणूस, खोटं बोलता येत नाही. म्हणाला, "आये, मी म्होरल्या वळीत न्हवतो. मधी हुतो, पार पलीकडच्या अंगाला. आमी नंतर त्याची फिलीम बगितली न्हवं, त्यात बी कुटंच दिसत न्हाई मी. दुसरंच कुनीतरी बगितलंसा तुमी."

आईचा हात भाकरीवर थांबला. तव्यावरची भाकरी फुगून फुटली. मला दादाचा असा राग आला की त्याच्या ताटातलं कालवण उचलून न्यावंसं वाटलं. एवढं सगळं करून, परत ऐकूनच कळायचं होतं तर. आई खाली मान घालून पिठात बोटं फिरवत राहिली.

आबांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. मी तयारच होते. आता ते मला म्हणणार, त्याला इच्चार. पण ते माझ्याकडे वळले नाहीत. त्यांनी मला कोपराने जरा मागे सारलं, मधून बाजूला केलं, आणि समोर दादाकडे बघितलं. किती वर्षांनी.

"तू चालत हुतास का न्हवता त्या टायमाला?"

दादाला आधी कळेचना, आपल्यालाच विचारलंय. "हुतो, आबा," तो म्हणाला.

"मग झालं. तू चालत हुतास, आमी बघत हुतो. फिलीम गेली उडत." आणि कालवणाचं पातेलं त्यांनी स्वतःच्या हाताने दादापुढे सरकवलं. "घे. लय वाळलायस."